त्रिशूरची कॅसेट

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजक मंडळींनी मला फोनवर सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल. पोरांच्या करिअरला उपयोग होईल." मी हो म्हटलं आणि आता ऐन वेळी विषय बदलते आहे. चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर गावी येऊनही तेच बोलायचं, म्हणजे गलाईवाल्यानं जत्रेला येऊन भट्टी पेटवल्यासारखं होईल. माझा विषय आहे, १९७९ ते १९८३ या काळात इंग्लंडमध्ये गाजलेली काही गाणी.

हसा, हसा. मलाही हसू येतंय. पण ही गाणी मी पहिल्यांदा ऐकली ती इथे विट्यात, आमच्या मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत. आणि त्यातल्या एका गाण्यापायी या शाळेत एका मुलीला खोटं ठरवलं गेलं. ती खरं बोलत होती. मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसले. तेवढं सांगायला मी उभी आहे. बाकीची गाण्यांची माहिती पुरावा म्हणून ऐकून घ्या.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या वर्गात बऱ्याच जणांचे वडील गावात नसायचे. कुणाचे कलकत्त्याला, कुणाचे दिल्लीला, कुणाचे मद्रासला. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं आपली माणसं देशभर पांगली आणि जिथे गेली तिथे त्यांनी सोनं-चांदी गाळायचा धंदा धरला. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातली झाडलोट, सगळं मुशीत आणि तेजाबात घालून त्यातून शुद्ध सोनं काढायचं. तिथली भाषा शिकायची, पैसे गावी पाठवायचे, पोरं शिकायला आजी-आजोबांकडे ठेवायची. दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीला ही मंडळी विट्यात हजर. मग आठ दिवस गल्लीत परक्या गावांचे वास यायचे. कुणाच्या घरी रसगुल्ल्याचे डबे, कुणाच्या घरी केळ्याचे वेफर्स.

माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या घरी ते वेफर्स यायचे. तिचं नाव मी घेत नाही, ती तिसऱ्या रांगेत बसून माझ्यावर डोळे वटारते आहे. आपण सगळे तिला त्रिशूरवाली म्हणायचो. तिच्या वडिलांचं गलाईचं दुकान केरळात त्रिशूरला होतं. त्रिशूर म्हणजे सोन्याच्या दागिन्यांची मोठी पेठ. शिवाय केरळातली पुष्कळ माणसं आखातात कामाला, त्यामुळे तिकडे टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी यांची चंगळ. १९९३ च्या दसऱ्याला, म्हणजे आपण आठवीत असताना, तिचे वडील एक टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि त्याच्याबरोबर एक कॅसेट. नव्वद मिनिटांची, कुणीतरी घरी भरलेली. वर निळ्या शाईनं मल्याळममध्ये दोन ओळी लिहिलेल्या. ती गोल गोल अक्षरं आम्ही गाण्यांची नावं समजलो, पण वाचता कुणाला येणार? वडिलांनाही बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं.

सगळी गाणी इंग्रजी. आपण मराठी माध्यमाचे, पाचवीपासून इंग्रजी शिकलेले. धडा वाचता यायचा, पण गाण्यातला शब्द कळेल तर शपथ. मग आम्हीच नावं पाडली. एक होतं "औवावालं". एक होतं "भांडणाचं गाणं", कारण त्यात आधी एक पुरुष तणतणतो आणि मग एक बाई त्याला ठणकावते, अगदी तमाशातल्या सवाल-जवाबासारखं. एक होतं "बाई की बुवा", कारण आवाज कुणाचा ते ठरेना. एकात चक्क सतार आणि तबला होता, ते "आपलं". आणि पहिल्या बाजूच्या शेवटी होतं "मागाचं गाणं".

मागाचं का, ते ज्यांच्या घरी यंत्रमाग होते त्यांना सांगायला नको. आमचे चार माग होते. धोट्याचा तो खटाक-खटाक आवाज आमच्या घरात झोपेतसुद्धा चालू असायचा. वीज गेली की सगळी गल्ली एकदम मुकी व्हायची आणि आजी दचकून उठायची, "काय झालं गं?" तर या गाण्याची सुरुवातच अशी की नुसते ठोके. माणूस नाही, सूर नाही, ठोके. मध्येच ते इतके भरभर पडतात की माग बिघडलाय असं वाटावं. आई पलीकडे कांड्या भरत बसलेली असायची. पहिल्यांदा ऐकल्यावर ती म्हणाली, "टेप बंद करा गं, तीन नंबरचा माग काहीतरी वेगळा वाजतोय." ते गाणं ऐन रंगात आलं की कॅसेटची बाजू संपायची. खट्. शेवट काय होतो ते आम्हाला दोन वर्षं माहीत नव्हतं.

आता गॅदरिंगकडे येते.

नववीचं गॅदरिंग, जानेवारी १९९५. आम्ही दोघींनी ठरवलं, भांडणाच्या गाण्यावर नाच बसवायचा. त्रिशूरवाली पुरुष होणार, मी बाई. तिनं चुलतभावाचा पांढरा शर्ट मिळवला होता, बाह्या दुमडून. महिनाभर आमच्या शेडमध्ये तालीम केली. मागांच्या गोंगाटात टेप ऐकू यायचा नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की तेवढा अर्धा तास. निवडीच्या दिवशी आम्ही टेप लावला, एक कडवं नाचलो आणि बाईंनी हात वर केला.

"हे काय गं? इंग्रजी गाणं कशाला? आणि हिनं पुरुषाचा शर्ट का घातलाय? अर्थ काय याचा?"

अर्थ आम्हाला माहीतच नव्हता. बाई म्हणाल्या, "समोर पालक बसलेले असतात. त्यापेक्षा त्या औवा औवात उभ्या राहा, तिथे दोन मुली कमी आहेत."

'डिस्को डान्सर' मधलं "औवा औवा" त्या वर्षी आठवीच्या मुली करत होत्या. ते चालणार होतं, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. त्यावर त्रिशूरवाली सरळ म्हणाली, "बाई, औवा औवा पण इंग्रजीच आहे. ह्याच कॅसेटमध्ये आहे. लावून दाखवू?"

सगळा हॉल हसला. मिथुनचं गाणं म्हणे इंग्रजी! बाईंना ते उलट उत्तर वाटलं, आणि आवाजही तिचा थोडा चढला होता, हे खरं. त्यांनी टेप बंद केला, कॅसेट काढून कपाटात ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू सांग गं. खरं आहे का हे?"

मी वर्गात पहिली येणारी. माझा शब्द चालायचा. त्या कॅसेटमधलं औवावालं गाणं मी निदान पन्नास वेळा ऐकलं होतं.

मी म्हटलं, "माहीत नाही, बाई."

तिला नाचातून काढलं. मी औवा औवात मागच्या रांगेत नाचले. फोटो आहे, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी गेल्या महिन्यात टाकलाय आणि सगळ्यांनी खाली हसण्याच्या चित्रांचा पाऊस पाडलाय. त्या फोटोत ती कुठे आहे असं कुणी विचारलं नाही. ती प्रेक्षकांत होती.

त्या बाईंबद्दल माझी तक्रार नाही. दोनशे मुलींचं गॅदरिंग एकटीनं उभं करायचं म्हणजे काय, ते आता ऑफिसातली माणसं सांभाळताना मला कळतं. तक्रार असलीच तर माझ्याबद्दल. आता पुरावा.

आधी दोन शब्द या गाण्यांच्या कुळाबद्दल. इंग्लंडात तेव्हा दर आठवड्याला कुठल्या गाण्याच्या किती तबकड्या खपल्या त्यावरून क्रमवारी लागायची. आपल्याकडे अमीन सयानींची बिनाका गीतमाला होती, तसंच काहीसं. छोट्या तबकडीला सिंगल म्हणत, एका बाजूला एक गाणं. १९७६-७७ च्या सुमाराला तिकडे पंक नावाची धिंगाणा गाणी आली. त्यांनी एक गोष्ट केली, गाणं करायला उस्ताद असावं लागतं ही भीती घालवली. त्यानंतर जी पोरं आली त्यांच्या हाताशी इलेक्ट्रॉनिक वाद्यं होती, आता परवडायला लागलेली. त्यांच्या गाण्यांना न्यू वेव्ह म्हणतात. पुष्कळशी पोरं लंडनची नव्हती, मँचेस्टर, शेफील्ड अशा कारखान्यांच्या गावांतली होती. आमच्या मागाच्या शेडमध्ये ती गाणी शोभून दिसायची ती उगाच नाही, असं मला वाटतं.

तर औवावालं. मूळ गाणं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार', बँडचं नाव बगल्स. ऑक्टोबर १९७९ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. 'डिस्को डान्सर' आला १९८२ मध्ये. म्हणजे तीन वर्षं आधी. आम्हा दोघींना उलटं वाटायचं, की इंग्रजांनी बप्पी लाहिरींची चाल उचलली! खरं काय ते मला सांगलीला इंजिनिअरिंगला असताना कळलं. होस्टेलच्या टीव्हीवर एका म्युझिक चॅनेलनं जुनी गाणी लावली होती, त्यात हे आलं आणि आख्खी टीव्ही रूम ओरडली, "ए, औवा औवा!" मी मात्र गप्प. खाली गाण्याचं वर्ष आलं होतं.

रेडिओवर गाणाऱ्याचे दिवस व्हिडिओनं संपवले, असा त्या गाण्याचा विषय. आणि १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं तेव्हा त्यांनी पहिलं हेच गाणं दाखवलं. त्या व्हिडिओत मागे काळ्या कपड्यांत एक तरुण वाद्यं वाजवताना दिसतो, तो म्हणजे पुढे हॉलिवूडच्या सिनेमांचा मोठा संगीतकार झालेला हान्स झिमर. औवा औवा मात्र मला अजूनही आवडतं. उषा उथुप यांच्या आवाजाला तोड नाही. चाल उचलली म्हणून नाक मुरडायचं मला जमत नाही. आपल्याला लंडनचा वारा लागला तो बप्पीदांच्या खिडकीतून, हे मान्य करायला पाहिजे. त्याच सुमाराला, मार्च १९८० मध्ये, द पोलिस हा इंग्लंडचा त्या वेळचा सगळ्यात गाजणारा बँड मुंबईत येऊन कार्यक्रम करून गेला. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या मुंबईच्या बायकांच्या संस्थेनं तो ठेवला होता. मुंबईकरांना ते तिकीट काढून ऐकायला मिळालं. आपल्याला मिथुनबरोबर.

भांडणाचं गाणं म्हणजे 'डोन्ट यू वॉन्ट मी', ह्यूमन लीगचं. हा बँड शेफील्डचा. पोलादाचं गाव, सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध. १९८० मध्ये हा बँड फुटला. उरलेल्या गायकाला, फिलिप ओकीला, युरोपच्या दौऱ्यावर जायचं होतं आणि माणसं नव्हती. त्यानं शेफील्डच्या एका क्लबात दोन मुली नाचताना पाहिल्या. सुझन सली आणि जोअ‍ॅन कॅथरॉल. एकमेकींच्या मैत्रिणी, दोघी शाळेत शिकणाऱ्या, गाण्याचा धंदा म्हणून अनुभव शून्य. त्यानं विचारलं, घरच्यांची परवानगी काढली आणि दोघी दौऱ्यावर गेल्या. पुढच्या वर्षी 'डेअर' नावाची त्यांची तबकडी आली. तिच्यात ढोल वाजवायला माणूस नाही, लिन नावाच्या यंत्रातले ठोके आहेत. हे गाणं तिच्यात अगदी शेवटी टाकलेलं. ओकीला ते सगळ्यात कच्चं वाटत होतं, त्याची वेगळी सिंगल काढायला त्याचा विरोध होता. कंपनीनं ऐकलं नाही. १९८१ च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं आणि १९८२ मध्ये अमेरिकेतही.

बाईंनी अर्थ विचारला होता, तो आता सांगते. पुरुष म्हणतो, तू साधी वेट्रेस होतीस, तुला वर आणलं मी, आता मला सोडून चाललीस? मग ती म्हणते, होते मी वेट्रेस, पण तू नसतास तरी मी माझी वाट काढलीच असती. हे बाईचं कडवं सुझन सली गाते. तिच्या आवाजात काही कसब नाही, वर्गातली मुलगी उभी राहून बोलेल तसा आवाज. म्हणूनच ते खरं वाटतं. बाई, अर्थ वाईट नव्हता. उलट गॅदरिंगला अगदी चालण्यासारखा होता. त्या दोघी मैत्रिणी आजही त्याच बँडमध्ये आहेत. चाळीस वर्षं उलटून गेली.

हे सगळं मी वाचलं तेव्हा पुण्यात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. रात्री ऑफिसात एकटी बसून ते गाणं ऐकलं, पुरुषाचं कडवं झालं आणि बाईचं सुरू होताना माझे पाय आपोआप हलले. तालीम विसरली नव्हती. समोर पांढरा शर्ट तेवढा नव्हता.

मागाच्या गाण्याबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. 'ब्लू मंडे', बँड न्यू ऑर्डर, मार्च १९८३. गाव मँचेस्टर! आपल्या पणजोबांना मँचेस्टर माहीत होतं ते धोतरजोडीमुळे, आणि आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो. तर त्या कापडाच्या गावातल्या चौघांनी हे केलं. त्यांचा आधीचा गायक १९८० मध्ये वारला होता, तेविसाव्या वर्षी. उरलेल्या तिघांनी नाव बदललं आणि गिलियन गिल्बर्ट नावाच्या मुलीला बरोबर घेतलं.

ते ठोके पाडणारं यंत्र कसं चालतं? समजा एका ओळीत सोळा घरं आहेत. ज्या घरात खूण केली तिथे ठोका पडणार, रिकाम्या घरात नाही. ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. डॉबीच्या मागावर पट्टीत खुंट्या बसवतात ना, जिथे खुंटी तिथे धागा उचलला जातो आणि तेवढ्यानं नक्षी ठरते? तंतोतंत तेच. हा प्रोग्रॅमच झाला. कॉलेजात पहिल्यांदा लूप शिकवला तेव्हा मला तो आधीच येत होता, आमच्या शेडमधून. तर ब्लू मंडेतले सूर गिलियननं असेच एकेक करून यंत्रात भरले, आधी लांबलचक कागदावर लिहून काढून. भरताना एक सूर राहून गेला. त्यामुळे ती धून ठोक्यांशी किंचित निसटती चालते. ते तसंच ठेवलं गेलं. आज ऐकणाऱ्यांना त्या निसटण्यातच गोडी वाटते. मी आयुष्यात पुष्कळ चुका प्रोग्रॅममध्ये सोडल्या आहेत, त्यातली एकही कुणाला गोड वाटलेली नाही.

हे गाणं साडेसात मिनिटांचं, म्हणून त्याची मोठी, बारा इंची तबकडी काढली. त्या आकाराच्या सिंगलमध्ये जगात सगळ्यात जास्त खपलेली तीच. तिचं पाकीट फ्लॉपीसारखं कापलेलं होतं. आपल्या पिढीला सांगायला नको, आजच्या पोरांना फ्लॉपी म्हणजे सेव्ह करायचं चित्र. आणि गंमत म्हणजे पाकिटाच्या दर्शनी बाजूला ना गाण्याचं नाव, ना बँडचं. कडेला नुसते रंगाचे चौकोन. त्या रंगांची अक्षरं कशी लावायची ती किल्ली दुसऱ्याच एका तबकडीच्या मागे छापलेली. मी हे वाचलं आणि मला आमची मल्याळम अक्षरं आठवली. गाण्याचा शेवट मी २००२ मध्ये पुण्यात ऐकला. सगळं हळूहळू थांबत जातं, संध्याकाळी एकेक माग बंद करतात तसं. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल.

"बाई की बुवा" म्हणजे युरिथमिक्सचं 'स्वीट ड्रीम्स', १९८३. गाणारी अ‍ॅनी लेनॉक्स, बाईच आहे, व्हिडिओत केस भगवे आणि सोल्जर कट, अंगात पुरुषी सूट. बँकेचं कर्ज काढून घेतलेल्या यंत्रांवर दोघांनी ते ध्वनिमुद्रित केलं आणि त्यात दुधाच्या बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून वाजवल्या आहेत. आपलं जलतरंग. "आपलं" म्हणजे मॉन्सून या बँडचं 'एव्हर सो लोनली', १९८२, ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलेलं. गायिका शीला चंद्रा, लंडनमध्येच जन्मलेली, आपल्या वंशाची, तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. बीबीसीच्या शाळेवरच्या एका मालिकेत काम करून आलेली. पुढे आजारपणात तिचा गाण्याचा आवाज गेला. त्या गाण्याला आम्ही सगळ्यात कमी भाव दिला होता, सतार-तबला काय रेडिओवरही लागतो म्हणून. आता सगळ्यात जास्त तेच ऐकते.

कॅसेटचं पुढे काय झालं ते राहिलं. गॅदरिंगनंतर बाईंनी ती तिला परत दिली होती. आम्ही एकाच बाकावर बसत राहिलो, डबा वाटून खात राहिलो, पण कॅसेट पुन्हा एकत्र ऐकली नाही. दहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ती आमच्या घरी आली, कॅसेट माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ठेव तुला. मी चालले बाबांकडे, तिकडे दुसरी मिळेल." ती त्रिशूरला गेली, मी अकरावी सायन्सला. पत्र पाठवेन म्हणाले होते. पाठवलं नाही. तीस वर्षांत ती माझ्याबरोबर सांगली, पुणे, तीन भाड्याची घरं आणि एक स्वतःचं घर इतकी फिरली. कॅसेट म्हणतेय मी.

परवा ती विट्यात आली. काल रात्री आम्ही आमच्या गच्चीवर बसलो होतो. खाली माग नाहीत आता, विकले. मी कॅसेट तिच्या हातात दिली. ती आता त्रिशूरला दुकानाचा सगळा हिशेब बघते, मल्याळम फडाफडा वाचते. तिनं मोबाइलचा उजेड लेबलावर धरला, वाचलं आणि इतकी हसली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. गाण्यांची नावं नाहीतच ती! लिहिलंय, "इंग्रजी गाणी. ऐकून परत करणे."

म्हणजे तिच्या बाबांनी ती कुणाकडून तरी मागून आणली होती. कुणाकडून, ते विचारायला बाबा आता नाहीत. बत्तीस वर्षांची उधारी आहे ती.

काल एवढं हसल्यावर गॅदरिंगचा विषय काढायचा माझा धीर झाला नाही. म्हणून आज काढते, जिथे घडलं तिथेच, आणि जे हसले होते त्यांच्यासमोर. त्रिशूरवाली, तू त्या दिवशी खरं बोललीस. औवा औवा त्या कॅसेटमध्ये होतं, दुसऱ्या बाजूला, तिसरं गाणं. मला माहीत होतं. बाईंनी मला विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, कारण मला नाचात राहायचं होतं आणि बाईंच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. चुकलं माझं.

आता शेवटचं, मग जेवायला सोडते. शाळेच्या स्टोअरमध्ये जुना टेपरेकॉर्डर सापडला आहे. त्याचा पट्टा तुटला होता. आपल्यातल्याच एकानं, ज्याचे माग अजून चालू आहेत त्यानं, सकाळी बसून नवा पट्टा घातला. कॅसेट चालते, मी तपासली, आवाज जरा थरथरतो. आधी औवावालं लावणार आहोत, म्हणजे कुणाच्या मनात शंका नको. मग भांडणाचं. पांढरा शर्ट मी पुण्याहून आणला आहे.

या वेळी तो मी घालणार आहे. बाईचं कडवं तुझं.